काळ्या कापडाची खळ

मी नेमकं काय काम करते, असं कोणी विचारलं तर आता मी सरळ "कॉलेजात शिकवते" म्हणून मोकळी होते. ते खोटं आहे. पण खरं सांगायला गेलं की काय होतं, ते मी एकदा पुरेपूर भोगलं आहे आणि पुन्हा भोगायची माझी तयारी नाही.

विसावं शतक संपत आलं होतं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. तिथे कार्बनच्या तंतूंवर काम चालायचं. केसाहून बारीक, काळेभोर तंतू. त्यांचं कापड विणायचं, त्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव चढवायचा, थरावर थर बसवायचे, आणि ते वाळून कडक झालं की लोखंडाच्या तोडीची मजबुती, वजन मात्र नावापुरतं. ऐकायला फार छान वाटतं. अडचण एवढीच, की हा तंतू मुळात भलता गुळगुळीत आणि आडमुठा. रेझिन त्याला धरतच नाही. वरून सगळं एकजीव दिसतं आणि जरा ताण पडला की थर सुटे होतात. म्हणून आधी त्या तंतूचा पृष्ठभाग खरखरीत करून घ्यावा लागतो. कधी आम्लात बुडवून, कधी क्षाराच्या पाण्यात ठेवून त्यातून वीज सोडून. गवंडी गुळगुळीत भिंतीला गिलावा करण्याआधी टोचे मारून घेतो ना, तसं. टोचे कमी पडले तर गिलावा निसटतो आणि जास्त पडले तर भिंतच खिळखिळी होते. हे किती मारायचे, ते शोधण्यात माझा दिवस जायचा आणि माझ्यावर ओरडण्यात आमच्या सरांचा.

मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरला घरी आई, बाबा आणि माझी मोठी बहीण. बाबांचं बुधवारा पेठेत कापडाचं दुकान, आणि ताई एका खासगी शाळेत शिकवायची. ती अगदी लहान असताना तापाचं निमित्त झालं आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला तो गेलाच. पोलिओ. तेव्हापासून पायाला लोखंडी कॅलिपर. दोन्ही बाजूंना पट्ट्या, चामड्याचे बंद आणि खाली जडशीळ बूट. तो बूट उचलून उचलून ताईचा स्वभावही काहीसा लोखंडीच झाला होता. तिच्यासमोर कोणी "बिचारी" म्हटलं की त्या माणसाला पुन्हा आमच्या घरी चहा मिळत नसे.

त्या वर्षांत सरकारने नवं धोरण जोरात हाती घेतलं होतं. अपंग मुलांना वेगळं काढायचं नाही, गावातल्या साध्या शाळेतच बाकीच्या पोरांबरोबर बसवायचं. एकात्म शिक्षण असं त्याचं भारदस्त नाव. अशा मुलांना शिकवायला आणि तिथल्या मास्तरांची समजूत घालायला गावोगाव फिरत्या शिक्षिका नेमणार होते. ताईने अर्ज केला. तिच्याइतकी लायक बाई त्या कामाला दुसरी नव्हती. बहीण म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण मी बहीण म्हणूनच सांगते आहे आणि तरीही ते खरं आहे.

मुलाखतीला जे साहेब बसले होते त्यांनी ताईकडे कमी आणि बुटाकडे जास्त पाहिलं. मग म्हणाले, "बच्चे तो स्कूल पहुँच जाएँगे मैडम, आप कैसे पहुँचेंगी?" ज्या योजनेचं सगळं म्हणणंच हे होतं की पायावरून माणूस बाजूला काढू नका, त्या योजनेचा साहेब हे विचारत होता! त्यावर त्यांनी उदार मनाने तोडगा काढला. जुलैत शाळा उघडल्या की पहिला महिना खकनारकडच्या खेड्यांतल्या शाळा फिरून दाखवायच्या. जमलं तर नेमणूक, नाही तर दुसऱ्या बाई तयारच आहेत.

ताई जुलैपर्यंत थांबणाऱ्यातली नव्हती. एप्रिलमध्येच ती बसने त्याच भागातल्या डोईफोडिया गावाला जाऊन आली, रस्ता बघायला म्हणून. बस सडकेवर सोडते, तिथून शाळेपर्यंत चालायचं. गेली आणि आली. घरी येऊन बूट काढला तेव्हा नडगीचं कातडं पट्टीला चिकटून आलं होतं. रोज असं चालायचं तर आठवड्याभरात पाय खाटेवर, हे तिलाही कळलं. त्या रविवारी तिने एसटीडी बूथवरून मला फोन केला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"ते तू काळं काळं काय बनवत राहते ना, हलकं? त्याचा पाय होते का?"

"होतो, पण..."

"पण नको. होते का ते सांग."

होत होता. परदेशात करतही होते. पोटरीच्या मागून खाली टाचेपर्यंत आणि तळपायाखालून पुढे जाणारं एकच पातळ कवच, जे साध्या चपलेतही मावेल. मी सरांकडे गेले. सर आधी म्हणाले की हे कापड विमानांसाठी आहे, पायांसाठी नाही. मग म्हणाले, उरलेला तुकडा घे, पण मला सांगू नकोस. मग दारातून परत हाक मारून त्या तुकड्यावर कशी प्रक्रिया करायची याचं लांबलचक व्याख्यान दिलं. मी तो तुकडा स्वतः आम्लातून काढला, धुतला, वाळवला आणि त्याच्यावर पातळ रासायनिक लेप चढवला. हा लेप तंतूंना तुटू देत नाही आणि पुढे रेझिनशी त्यांची गाठही घालून देतो. मे महिन्यात रजा टाकून, कापड, रेझिन, हार्डनर, प्लास्टरच्या पट्ट्या असं सगळं सामान घेऊन मी बुऱ्हाणपूरला पोचले. जुलैच्या आत पाय उभा करायचा, एवढं एकच काम होतं.

एकच काम, पण घर आमचं!

पहिल्याच दिवशी बाबांनी सवयीप्रमाणे ते कापड दोन बोटांत चोळायला हात पुढे केला आणि मी किंचाळले. "हात नका लावू! बोटाचं तेल लागलं तरी पुढे थर धरत नाही."

बाबा दुखावले. "कापडाले हातच नाही लावायचा तर कापडवाल्यानं पाहायचं तरी काय?" मग लांबूनच मान वाकडी करून त्यांनी त्याची वीण पाहिली, धागा पाहिला आणि विचारलं, "याले खळ आहे का?"

आता बुऱ्हाणपूरबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की मागावर चढवण्याआधी सुताला जी कांजी पाजतात ती खळ. त्याने सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. आमच्याकडे निम्म्या गावाचं पोट मागांवर, त्यामुळे खळ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वर्षभरात घरातून आलेला हा पहिला शहाणा प्रश्न! "हो बाबा, अगदी तशीच! बारीक लेप देतात, विणताना, हाताळताना तंतू तुटू नये म्हणून." पुढे सांगायचं होतं की ही खळ मात्र काढायची नसते, खरी मदार तिच्यावर आणि तिच्याखालच्या खरखरीत पृष्ठभागावर आहे. पण नेमकी तेव्हाच लाइट गेली, पंखा थांबला आणि सगळं घर वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडायला लागलं. माझं ते वाक्य राहिलं ते राहिलंच. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. खळीचं तेवढं तिच्या कानावर पडलं होतं.

पहिले काही दिवस उन्हानेच खाल्ले. ताईच्या पायाचा साचा घ्यायला प्लास्टरची पट्टी गुंडाळली तर ताई म्हणे गुदगुल्या होतात, आणि त्या बाईला हसताना बघायची सवय नसल्यामुळे आईच घाबरली. साचा झाला. मग रेझिन किती वेळ हाताळता येतं ते बघायला मगमध्ये थोडं कालवलं. पुण्यात ते बराच वेळ पातळ राहतं. इथे मे महिन्याच्या दुपारी मग गरम झाला, धूर निघाला आणि रेझिन मगातच दगड होऊन बसलं. तो मग आईचा आवडता होता. तेव्हा ठरवलं की पहाटेच्या गारव्यात काम करायचं, आणि साचा नीट वाळू द्यायचा. कापड स्वच्छ कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. सगळ्यांना एकत्र बसवून बजावलं की याला कोणीही, कशाही कारणाने, तेलाचा काय बिनतेलाचा काय, हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई लालबागेला एका मोच्याकडे नव्या कवचासाठी पट्टे शिवून घ्यायला गेलो. परत येताना ताई रिक्षात चक्क गप्पा मारत होती. डोईफोडियाला एक पोरगी आहे म्हणे, तिला आजीने कडेवर घेऊन शाळेच्या दारात आणलं होतं आणि तिथूनच परत नेलं. त्या आजीला आधी बसवून सांगायला पाहिजे. असं बरंच काही.

गल्लीत शिरलो तेव्हाच मोगरीचे धपाधप आवाज ऐकू आले. आमच्या घरात कपडे धुणं यात विशेष काही नाही. मी अंगणात आले आणि दोरीकडे पाहिलं. बाबांचे बनियन, आईची साडी आणि मधोमध, दोन चिमटे लावून, पाणी ठिबकत असलेलं माझं काळं कापड. मोगरी बाकीच्या कपड्यांवर चालू होती. कापडाचं आटपून झालं होतं.

"आई! हे काय केलंस?"

आईने मोगरी खाली ठेवली. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचा आनंद. "खळ काढली. कोरंच लावून राहिली होती तू."

"हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"अंगावर पाणी घेऊन मंगच घेतलं हातात. तेलाचं बोट नाही लागू दिलं. सोडा टाकून उकळलं, साबण लावला, अन् बारीक बारीक मोगरी मारली. किती काळं पाणी निघालं सांगू तुले!"

ते काळं पाणी म्हणजे तुटलेले तंतू होते. मी कपाळावर हात मारून घेतला, अक्षरशः.

"आई, खळ काढायची नसते त्याची!"

"काढायची नसते?" आता आईला माझी कीव आली. "खळीच्या कापडाले रंग धरत नाही, हे रंगाऱ्याच्या पोराले बी माहीत राहते. मंग तुझा तो डिंक कसा धरन? तूच म्हणली ना, धरत नाही, धरत नाही, म्हणून?"

 याला उत्तर होतं, पण त्याला रसायनशास्त्राची दोन वर्षं लागली असती. आमच्या गावात कोरं कापड धुतल्याशिवाय कोणी शिवत नाही, रंगवत नाही, की लेकराच्या अंगाला लावत नाही. आईने तिच्या आयुष्यभराच्या अकलेने शंभर टक्के बरोबर काम केलं होतं. चुकीच्या कापडावर. बरोबर वागून वाट लावणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं, म्हणून मी अजूनच चिडले.

त्यात ते तंतू. त्या दोरीवरच्या, त्या बादलीतल्या सगळ्या कपड्यांत ते बारीक काळे तंतू घुसले. बाबा बनियन घालून दुकानात गेले आणि गिऱ्हाइकासमोर पाठ खाजवायला लागले. आई दोन्ही कोपरं खाजवत होती. कापड वाळल्यावर तिने ते सवयीने जोरात झटकलं, तेव्हा उडालेले तंतू व्हरांड्यातल्या विजेच्या बोर्डात गेले. कार्बनमधून वीज खेळते, हेही मी कधीतरी सांगितलं असेल, पण कोण ऐकतं. फटकन आवाज झाला आणि फ्यूज उडाला. बाबा पाठ खाजवत म्हणाले, "आतापर्यंत मंडळवाले लाइट घालवत होते, आता पोरीनं पुण्याहून सामान आणलं."

मी हसले नाही. ताईसुद्धा हसली नाही. ती दोरीपाशी उभी राहून विचारत होती, "मतलब आता नाही होणार?"

"या कापडाचा नाही होणार. दुसरं कापड मिळेल की नाही, मिळालं तरी जुलैच्या आत होईल की नाही, मला ठाऊक नाही."

ताईने मान हलवली आणि आत गेली. आई मोरीच्या काठावर बसली ती उठेचना. मला वाटलं आता रडेल, मग मी समजूत घालीन, मग चहा होईल. पण ती रडली नाही. हातातली मोगरी उलटीसुलटी करत म्हणाली, "पहिले बी माझ्याच हातून झालं. आता बी माझ्याच."

"पहिले काय?"

तेव्हा तिने सांगितलं. ताईला ताप होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, थांबा, ताप उतरेल, औषध पुरे आहे. आईलाच धीर धरवला नाही. तिने हट्ट करून सुई द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. मग लोक बोलायला लागले, अशा तापात सुई दिली की पाय जातो, आणि ते तिने ऐकलं. तेव्हापासून ती ते मनात घेऊन बसली होती. बाबांनाही कधी बोलली नव्हती. इतकी वर्षं! आणि तोंड उघडलं ते असं, मोरीवर बसून, माझ्या कापडाच्या निमित्ताने.

 पोलिओ विषाणूने होतो आई, तू केलेला नाही, असं मी म्हटलं. तिने ऐकलं आणि "हो, बरोबर" म्हणाली, जसं ती माझं कार्बनबद्दलचं सगळंच ऐकून "हो, बरोबर" म्हणायची. आतून ताई आली, दाराला धरून उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती आईला जवळ घेईल. तिने आईला झापलं. "मला विचारलं का कधी? माझा पाय आहे ना? मग त्याचं मनात घेऊन बसायचं होतं तर मला विचारून बसायचं!" आणि आईच्या हातातून मोगरी ओढून घेऊन तंतू भरलेले कपडे स्वतः पुन्हा धोपटायला बसली.

त्या दिवसापासून आईचं जेवण उतरलं. ताटावर बसायची, चिवडायची, उठायची. कामं सगळी व्हायची, उलट जरा जास्तच. घरातली एकेक वस्तू घासून निघत होती. आईने ते कापड इस्त्री करून, घडी घालून माझ्या बॅगेजवळ ठेवलं आणि त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. इस्त्री! मी दात-ओठ खाल्ले.

ताई म्हणाली, "एकदा लावून तर बघ. काय सांगता येते, धरलं तर?" धरणार नाही हे मला माहीत होतं, पण तिच्यापुढे कोण बोलतं. पहाटे उठून त्या धुतलेल्या कापडाच्या कडेचे लहान तुकडे कापले, रेझिन लावून एकावर एक बसवले, दाबून ठेवले. दुसऱ्या सकाळी ते छान कडक झाले होते, वरून चकचकीत, बघणाऱ्याला वाटावं काय मजबूत. मी कोपऱ्याला नख घातलं. कांद्याच्या सालीसारखा वरचा थर अलगद निघून हातात आला. साबणाचा अंश राहिला होता, लेप गेला होता, अर्धे तंतू मोगरीने मोडले होते. धरणार काय, कपाळ!

"निघालं?" ताईने विचारलं.

"निघालं."

ताईने तो थर हातात घेऊन उजेडात पाहिला, मग चुरगाळून कचऱ्यात टाकला. "आईले नको सांगू. पुण्याला जा. दुसरं कापड घे. पाय बनवून आण. अन् सांग, हेच कापड होतं."

"मी असं का सांगू? ते खोटं आहे!"

"तर?"

"ताई, मी दिवसभर हेच काम करते! पृष्ठभाग बिघडला तर जोड टिकत नाही, हेच तर सिद्ध करते! आणि घरी येऊन म्हणू की सोडा-साबणाने धुऊन मोगरी मारली की छान चिकटतं?"

"म्हण."

"हे कापडच पायात घालून जरा चाल, मग कळेल तुला."

"मला पाय बी पाहिजे," ताई म्हणाली, "अन् आई जेवायला बी पाहिजे. तुझं सायन्स तू पुण्यात ठेव." ती असं बोलायला लागली की संपलं. साहेबासमोर ती कशी बोलली असेल, याची मला तेव्हा नीट कल्पना आली आणि क्षणभर त्या साहेबाची दया आली.

पुण्याला परतले. आईने घडी घातलेलं कापड बरोबर नेलं, कारण तिने ते स्वतः बॅगेत ठेवलं होतं. प्रयोगशाळेत पोचल्यावर पहिलं काम केलं ते हे कापड फेकायचं. मग सरांकडे. सरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ नाक दाबून बसले. ते हसत होते हे मला नंतर कळलं. नवा तुकडा दिला, तोही प्रक्रिया न केलेला. घाईघाईत मी तो आम्लात जास्त वेळ ठेवला आणि तंतू इतके पोखरले की हातात कुसकरले. भिंतच खिळखिळी झाली. सरांनी तेव्हा मात्र मनापासून ओरडून घेतलं. मग आणखी एक तुकडा. या वेळी घड्याळाकडे डोळे लावून बसले. लेप चढवला, बुऱ्हाणपूरहून बरोबर आणलेल्या ताईच्या साच्यावर थर बसवले, भट्टीत भाजलं. त्याच कापडाच्या, बाजूला केलेल्या नमुन्याला नख घातलं, मग सुरी घातली, मग यंत्रात धरून ओढलं. नमुना तुटला, पण थर सुटले नाहीत. मी तिथेच खुर्चीत बसले आणि हाताला आलेली खाज खाजवत बसले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते कवच टॉवेलात गुंडाळून मी घरी पोचले. ताईने पायाला लावलं, पट्टे ओढले, वर साधी चप्पल घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दोन्ही पायांत एकाच जोडाच्या चपला होत्या. ती अंगणभर फिरली आणि "ठीक आहे" म्हणाली. ताईच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

आई जवळ आली. कवच काढून हातात घेतलं, हलवून पाहिलं. "इतकं हलकं?" मग हळूच, माझ्याकडे न बघता, "माझंच कापड?"

"तूच धुतलेलं," ताई लगेच म्हणाली. मी छताकडे पाहिलं. छताला जाळी लागली होती, एवढं लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी ताई पहिल्या बसने डोईफोडियाला गेली. दिवसभर घरात नुसती घालमेल. बाबा दुकानातून दोनदा उगीचच येऊन गेले. शेजारच्या काकू आल्या, तर आईने त्यांना बसवून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. पोरीनं पुण्याहून कापड आणलं होतं, कोरंच लावून राहिली होती, बरं झालं मी पाहिलं. सोडा किती टाकला, पाणी किती काळं निघालं, सगळं. काकूंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "शिकल्या पोरी, पण घरचं ज्ञान ते घरचंच, नाही का?" मी "हो ना" म्हणाले आणि आत जाऊन पाणी प्यायले. माझ्या संशोधनाचा असा सत्यानाश मी माझ्या कानांनी ऐकत होते, आणि काकू आणखी तपशील विचारत होत्या.

संध्याकाळी ताई आली. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली. तो साहेब जीप घेऊन शाळेवर पाहणीला आला होता म्हणे, आणि ती त्याच्या आधी पोचली होती. काय म्हणाला? "काय म्हणणार? म्हणाला, बैठिए मैडम. मी म्हटलं, मी बसायला नाही आली." त्या आजीला तिने गाठलं होतं, पोरगी उद्यापासून येणार होती. हे सगळं दारातच, चपला काढताना.

मग ती ओसरीवर बसली आणि तिने पट्टे सोडले. आई तिच्यासमोर खाली बसली. तिने ताईचा पाय मांडीवर घेतला, पदराने चिखल पुसला आणि नडगीवरून बोट फिरवत गेली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, मग उलटं. कातडं कुठेही सोललं नव्हतं. लालसुद्धा नव्हतं. आईने पुन्हा एकदा पाहिलं, जणू तिचा विश्वास बसत नव्हता. मग तिने माझ्याकडे मान वर केली.

"या बारीनं बरोबर झालं ना माझ्या हातून?"

ताई माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही, नुसती बघत होती. माझ्या डोळ्यांसमोर तो नखाने निघालेला थर आला, सर आले, यंत्र आलं.

"हो," मी म्हणाले. "एकदम बरोबर झालं."

आईने पदराच्या चिखल न लागलेल्या टोकाने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि ताईचा पाय मांडीवरून न उतरवता म्हणाली, "मंग तिकडे तुझ्या त्या सरांना बी सांगजो. कोरंच नका लावत जाऊ म्हणा. पहिले खळ काढून घ्या."

"सांगते," मी म्हणाले.